सहल कोठें न्यावी?

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरली, कपाशीची वेचणी जोरांत आली आणि सकाळीं अंगाला गार वारा झोंबूं लागला, कीं आमच्या वर्गावर्गांतून एकच चर्चा सुरू होते. यंदा सहल कोठें जाणार? मुलें हा प्रश्न ज्या उत्साहानें विचारतात, त्याच उत्साहानें घरीं त्याचें उत्तर मिळतें असें मात्र नाहीं. म्हणून या विषयावर आम्हांस काय वाटतें, तें या वार्षिकाच्या पानांतून विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें स्पष्टपणें मांडण्याचें योजिलें आहे.

अलीकडे शालेय सहलीचें स्वरूप पुष्कळच पालटलें आहे. रात्रभर प्रवास करून दूरच्या एखाद्या मोठ्या शहरीं जावें, तेथील करमणुकीच्या बागेंत पाण्याच्या घसरगुंड्यांवर दिवस घालवावा, हॉटेलांत जेवावें आणि मोबाईलवर शेंकडों छायाचित्रें काढून परत यावें, हिलाच सहल म्हणावें अशी समजूत रूढ होत चालली आहे. करमणूक वाईट आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांनीं हंसावें, ओरडावें, पाण्यांत भिजावें, हें त्यांच्या वयास शोभतेंच. परंतु या सुखाची किंमत कोण देतो आणि ती ज्यास देतां येत नाहीं त्याचें काय होतें, याचा विचार आपण करीत नाहीं.

एका वर्षीं अशीच दूरची सहल निघाली. तिच्या दिवसांत शाळा चालूच होती. न गेलेलीं मुलें वर्गांत बसलीं होतीं आणि तीं थोडीं नव्हतीं. त्यांतील एकास आम्हीं सहज विचारलें, "तूं कां रे गेला नाहींस?" तो खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, मले गाडी लागते." याच मुलास आम्हीं त्याच महिन्यांत कापसानें भरलेल्या ट्रॉलीवर बसून, गाणीं म्हणत, जिनिंगकडे जातांना पाहिलें होतें. गाडी त्याला लागत नव्हती. परतीच्या पावसानें त्याच्या घरचें सोयाबीन शेंगांतच काळें पडलें होतें आणि बापाची अडचण त्याला चारचौघांत बोलून दाखवावयाची नव्हती. बापाची लाज राखण्यासाठीं तो खोटें बोलला. त्या खोट्याबद्दल त्याला रागावण्याचा अधिकार आम्हांस उरला नव्हता, कारण तें बोलण्याची पाळी आम्हीं वडील माणसांनींच त्याच्यावर आणली होती.

तेव्हांपासून आमच्या मनानें एक गोष्ट पक्की घेतली आहे. ज्या सहलीस वर्गांतील एकही मूल केवळ पैशासाठीं मागें राहतें, ती शाळेची सहल नव्हे. ती कांहीं कुटुंबांची खासगी यात्रा होय. मग सर्वांस जातां येईल, एका दिवसांत परततां येईल आणि तरीही मन भरून येईल असें स्थळ आहे काय? आमचें उत्तर असें कीं आहे, आणि तें आपल्या अगदीं उशाशीं आहे. तें स्थळ म्हणजे अमरावती आणि तिच्या पूर्वेकडील टेकड्यांच्या पायथ्याशीं असलेले वडाळीचा तलाव व छत्री तलाव.

"अमरावती तर नेहमींचीच!" असें कित्येक जण म्हणतील. नेहमींची खरी, पण कशासाठीं? दवाखान्यासाठीं, तहसिलीपलीकडच्या कचेरीच्या कामासाठीं, लग्नाच्या कापडासाठीं, नाहीं तर मोठ्या बहिणीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठीं. कामासाठीं गेलेला मनुष्य गांव पाहत नाहीं, तो फक्त घड्याळ पाहतो. आपल्यांपैकीं किती मुलांनीं वडाळीच्या बांधावर उभें राहून सकाळचें ऊन पाण्यावर उतरतांना पाहिलें आहे?

शिवाय सहलीचा आरंभ कांहीं तलावावर होत नाहीं. तो आपल्या स्टेशनावरच होतो. आपल्या जिल्ह्यांत चांदूर बाजार हें दुसरें गांव असल्यामुळें आपल्या गांवाच्या नांवापुढें 'रेल्वे' हा शब्द लागला. तो शब्द आपण दररोज लिहितों, पण त्याचा अर्थ मनांत आणीत नाहीं. इ. स. १८६७ मध्यें मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोंचला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) तिकडील कापूस विलायतच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकीं मोल चढलें, तोच हा काळ होय. आपल्या शिवारांतील पांढरें सोनें आणि दूर देशींची एक लढाई यांचा संबंध असा या रुळांनीं जोडला आहे. मालखेड, टिमटाळा अशीं स्टेशनें मागें टाकीत बडनेऱ्यास उतरावें आणि तेथून सुमारें दहा किलोमीटरवरील अमरावती गांठावी. परततांना पोहऱ्याच्या जंगलांतून येणाऱ्या सडकेनें एस. टी. नें यावें. एकाच दिवसांत रेल्वे, शहर, तलाव आणि अरण्य यांचें दर्शन घडतें, आणि त्यास रात्रीचा मुक्काम लागत नाहीं.

हे तलाव निसर्गानें आपोआप घडविलेले नाहींत, ही गोष्ट मुलांस तेथें नेऊनच सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमरावतीस पिण्याचें पाणी मिळावें म्हणून टेकड्यांवरून उतरणारें पावसाचें पाणी बांध घालून अडविण्यांत आलें आणि हे जलाशय तयार झाले. आज शहरास मोर्शीजवळच्या सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाचें पाणी मिळतें. त्यामुळें जुन्या तलावांकडे पाहण्याची दृष्टि बदलली आहे. जें पाणी आपण पितों त्यांत कोणी कचरा टाकीत नाहीं. जें पाणी केवळ पाहावयाचें उरतें त्यांत मात्र वाटेल तें टाकलें जातें. हा मनुष्यस्वभावाचा एक मोठा धडा आहे आणि तो कोणत्याही पुस्तकापेक्षां तलावाच्या कांठीं उभें राहून लवकर समजतो.

भूगोलाच्या शिक्षकांनीं तेथें आणखी एक गोष्ट दाखवावी. टेकडीवर झाड असलें तर मूळ माती धरून ठेवतें. झाड गेलें कीं तीच माती पहिल्या पावसाबरोबर खालीं उतरते आणि तलावाच्या तळाशीं गाळ होऊन बसते. तळ वर येतो, तितकें पाणी कमी मावतें. म्हणजे पोहऱ्याचें जंगल आणि तलावांतील पाणी या दोन गोष्टी नसून एकच गोष्ट आहे. बांधावर थोडा वेळ गप्प बसलें तर पाण्यांत बुडी मारून भलत्याच ठिकाणीं वर येणारी टिबुकली दिसते, पंख पसरून ऊन खाणारा पाणकावळा दिसतो, पाण्यावर नेम धरलेला खंड्या दिसतो. हिवाळ्यांत हिमालयापलीकडून येणारे चक्रवाकही आपल्या विदर्भांतील जलाशयांवर उतरतात. इतक्या दूरचे पाहुणे आपल्याकडे येतात आणि आपण मात्र करमणुकीसाठीं दूर धांवतों, याचा थोडा विचार व्हावा.

आतां भोजनाविषयीं. सहलींतील आनंदाचा निम्मा वांटा जेवणांत असतो, हें आम्ही मुळींच नाकबूल करीत नाहीं. आपल्या वऱ्हाडास सहलीचें जेवण बाहेरून विकत घेण्याची गरज काय? रोडग्यांसारखें पक्वान्न आपल्या घरचें आहे. गव्हाच्या जाडसर पिठांत मीठ, ओवा आणि तेलाचें मोहन घालून घट्ट मळावें, पाऱ्या एकावर एक बसवून गोळे वळावेत आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून खरपूस भाजावेत. बाहेर काढून राख झटकावी, फडक्यानें पुसावे, फोडून तुपांत बुडवावे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खावे. ज्यानें हें हिवाळ्याच्या दिवसांत मोकळ्या आकाशाखालीं खाल्लें आहे, त्याला हॉटेलांतील पदार्थांचें कौतुक सांगूं नये.

मात्र तलावाच्या कांठीं किंवा जंगलाजवळ विस्तव पेटवूं नये. वाळलेल्या गवतास एक ठिणगी पुरे होते. म्हणून आमची सूचना अशी कीं सहलीच्या आदल्या सायंकाळीं शाळेच्या आवारांतच रोडगे भाजावेत आणि ते फडक्यांत बांधून शिदोरी म्हणून न्यावेत; ते दुसऱ्या दिवशीं उत्तम राहतात. ज्याला जितकें जमेल तितकें पीठ त्यानें घरून आणावें. कोणी पायलीभर आणील, कोणी ओंजळभर. सगळें एकाच परातींत ओतलें म्हणजे कोणाचें किती, हें कोणास ओळखतां येणार नाहीं. मळण्याचें काम मुलींवर आणि गोवऱ्या रचण्याचें मुलांवर, अशी वांटणीही आम्हांस मान्य नाहीं. दोघांनींही दोन्ही कामें करावींत. ज्याच्या हातास एकदां कणीक लागली, त्याला घरीं आईच्या श्रमांची किंमत आपोआप कळूं लागते.

बाजारचें कांहींच खाऊं नये, इतके आम्ही कठोर नाहीं. अमरावतीस जाऊन गिला वडा न खातां परतणें हा त्या शहराचा अपमानच होय! 'गिला' म्हणजे हिंदींत ओला. दह्याचटणींत भिजलेल्या या वड्याच्या नांवांतच आपल्या वऱ्हाडच्या मिश्र बोलीची गंमत आहे. तो सहलीच्या सामाईक पैशांतून घ्यावा, सर्वांस सारखा मिळावा आणि खिशांतील खासगी पैसे त्या दिवशीं घरींच ठेवावेत. येतांना आपल्या जिल्ह्याचीं संत्रीं एकेक हातावर पडलीं म्हणजे मेजवानी पूर्ण झाली.

जेवणानंतर खेळ आलाच. अमरावती हें खेळाचें गांव आहे, हें मुलांस ठाऊक असावें. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालीं झाली. १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां या मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन कबड्डीसारख्या आपल्या मातींतील खेळांचें प्रात्यक्षिक जगापुढें केलें. त्या खेळास ना तिकीट लागतें, ना यंत्राची घसरगुंडी. मोकळी जागा आणि दमदार छाती पुरते. पैसे देऊन घेतलेल्या करमणुकींत मूल बसून राहतें आणि यंत्र धांवतें. कबड्डींत मूल स्वतः धांवतें. या दोहोंतील कोणतें शरीरास हितकर, हें पालकांनींच ठरवावें.

आमच्या मतावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप पाण्याच्या भयाचा. तो अगदीं रास्त आहे. बांधाजवळ पाणी एकदम खोल होतें आणि तळाच्या गाळांत पाय रुततो. पट्टीचा पोहणाराही तेथें फसतो. म्हणून पाण्यांत उतरणें पूर्णपणें वर्ज्य असावें, नाव चालू असल्यास लाईफ जॅकेटावांचून कोणी तींत पाऊल ठेवूं नये आणि दर दहा मुलांमागें एक मोठें माणूस असावें. पालकांनीं वर्गणीबरोबर आपला एक दिवसही दिला, तर हें सहज साधेल. मुलांबरोबर बांधावर बसून रोडगा खाल्लेला बाप मुलास जन्मभर आठवतो.

दुसरा आक्षेप असा कीं दूरचें पाहिल्यावांचून दृष्टि विशाल होत नाहीं. यांत तथ्य आहे. आम्हांसही वाटतें कीं प्रत्येक मुलानें शालेय जीवनांत एकदां तरी परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्यास जावें, तेथील तळीं, कॉफीचे मळे आणि गाविलगडचा किल्ला पाहावा. परंतु ती सहल वरच्या वर्गाची असावी, तिच्यासाठीं दोन वर्षें थोडथोडे पैसे सांठवावेत आणि ज्याचे कमी पडतील त्याचे शाळेनें गाजावाजा न करितां भरावेत. दूर जाण्यास आमचा विरोध नाहीं. कोणाला तरी मागें टाकून जाण्यास आहे. आणि ज्याला जवळचें पाहतां येत नाहीं, तो दूर जाऊनही छायाचित्रांखेरीज कांहीं आणीत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, सहलीहून निघतांना एक काम न विसरतां करा. आपण बसलों ती जागा, आलों त्यावेळीं होती तिच्यापेक्षां स्वच्छ करून उठा. आपल्या पिशव्या आणि बाटल्या तर उचलाच, पण दुसऱ्यांनीं टाकलेल्या चार उचला. या तलावांनीं एके काळीं एका शहराची तहान भागविली. त्यांचें इतकें ऋण तरी फेडलें पाहिजे. आणि पालकहो, यंदा सहलीचा कागद घरीं आला, कीं केवळ आपल्या मुलाची वर्गणी भरून थांबूं नका. त्याच्या बाकावर त्याच्या शेजारीं कोण बसतें आणि तें मूल सहलीस येणार आहे काय, एवढें त्याला विचारा.

ज्या मुलाला 'गाडी लागत' होती, तो आतां आमची शाळा सोडून गेला आहे. त्याच्या वर्गाची सहल त्याच्यावांचून झाली, ती कांहीं आतां पुन्हां निघणार नाहीं. परंतु तसें उत्तर पुन्हां कोणास द्यावें लागूं नये, एवढें आपल्या हातीं खास आहे. बडनेऱ्याकडे जाणारी गाडी रोज आपल्या दारावरून जाते. तींत सगळा वर्ग बसलेला आम्हांस पाहावयाचा आहे.