दोन्ही आकडे खरे



गेल्या दिवाळीनंतर आमच्या डाळींच्या पेढीसाठी आम्ही एका तरुण प्रोग्रामरकडून बिले आणि साठा यांचे सॉफ्टवेअर तयार करून घेतले. पहिल्याच आठवड्यात एका सायंकाळी संगणकाने तूरडाळीचे २०० कट्टे दाखविले. गोदामात मोजले तर २४० भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तफावत, आणि तीही वेगळ्या आकड्याची. मी फोन करून सांगितले, “तुमचा साठा चुकतो.” त्याने तपासून उत्तर दिले, “काका, माझ्याकडे बरोबर येतो.” तीन आठवडे हेच चालले. शेवटी मी त्याचा अखेरचा हप्ता रोखून धरला आणि मुनीमजींसमोर त्याच्या सचोटीविषयीही नको ते बोलून गेलो.

हा वाद मिटला तो वहीच्या एका पानाने. मुनीमजींनी त्या पानावर एकाच सौद्याचा प्रवास लिहिला. बुधवारी सायंकाळी ६ वाजता ४० कट्ट्यांचे बिल झाले आणि संगणकातील साठा २४० वरून २०० वर आला. माल मात्र गुरुवारी सकाळी गाडीत चढला. मधली रात्र ते ४० कट्टे आमच्याच गोदामात होते. पान पाहताच त्या मुलाला उलगडा झाला. काम सुरू होण्यापूर्वी त्याने विचारले होते, “साठा केव्हा कमी करायचा?” मी म्हणालो होतो, “माल विकला की.” त्याच्या लेखी बिल झाले की माल विकला गेला, आमच्या गोदामाच्या लेखी तो उंबरठ्याबाहेर पडला की विकला गेला. शब्द एक, अर्थ दोन; आणि तो शब्द माझा होता.

दोन्ही आकडे खरे होते. आणखी किती माल विकता येईल, या अपेक्षेने २०० खरे. गोदामात किती माल आहे, या अपेक्षेने २४० खरे. स्याद्वादातील ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘अमुक अपेक्षेने’ असा त्याचा नेमका अर्थ आहे, हे आपण प्रवचनात अनेकदा ऐकतो. व्यवहारात ‘अपेक्षा’ म्हणजे आपण धरलेली आशा; शास्त्रात ‘अपेक्षा’ म्हणजे पाहण्याची बाजू. अपेक्षाभंग झाला असे म्हणण्यापूर्वी आपण कोणत्या अपेक्षेने पाहत आहोत, हे स्वतःला विचारले असते तर तीन आठवडे वाचले असते.

वस्तूचे अस्तित्व द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अंगांनी सांगावे, अशी आपली परंपरा आहे. सॉफ्टवेअरमधील अडचण सांगतानाही हीच चार अंगे उपयोगी पडतात. द्रव्य: कोणते बिल, कोणता माल, किती नग. क्षेत्र: कोणत्या संगणकावर, कोणत्या पानावर. काल: किती वाजता, कशाच्या आधी, कशाच्या नंतर. भाव: त्या वेळी नोंद कोणत्या अवस्थेत होती, कच्ची, पक्की की रद्द केलेली. त्यापुढे दोनच वाक्ये लिहावीत: आम्हाला काय दिसायला हवे होते व का, आणि प्रत्यक्षात काय दिसले. “चालत नाही” एवढ्या शब्दांवरून कोणताही वैद्य औषध देऊ शकणार नाही.

अनेकांत म्हणजे मान डोलावणे मात्र नव्हे. बिलाची बेरीजच चुकली असेल, तर ती कोणत्याही अपेक्षेने बरोबर ठरत नाही; ती दुरुस्त करून घेणे हा आपला हक्क आहे. मतभेद अर्थाचा आहे की चूक गणिताची, एवढा विवेक हवा. म्हणून काम देतानाच आपली जुनी दहा-बारा बिले, त्यांत परत आलेला माल आणि उधारी असलेलीही, अपेक्षित उत्तरांसह लिहून द्यावीत. किमान महिनाभर जुनी वही आणि नवी प्रणाली बरोबरीने चालवावी. हा बदल ३१ मार्चच्या धांदलीत तर मुळीच करू नये.

आमच्या प्रणालीत आता ‘बिल झाले, माल बाकी’ असा एक रकाना वाढला आहे. विकलेलेच कट्टे पुन्हा विकले जाण्याची जी चूक पूर्वी वर्षातून दोन-चारदा होत असे, ती त्यामुळे थांबली. ज्या आकड्याला मी खोटे ठरविले होते, त्यानेच पेढीचे नुकसान टाळले.

रोखलेल्या हप्त्यावर त्या मुलाच्या दोन सहकाऱ्यांचा पगार अवलंबून होता, हे मला नंतर कळले. कष्टाचे मोल असे अडवून ठेवणे अचौर्यव्रत घेतलेल्या घराला शोभणारे नव्हते. हप्ता मी स्वतः त्याच्या कार्यालयात नेऊन दिला. क्षमा मागायला संवत्सरीपर्यंत थांबलो नाही; मुनीमजींना बरोबर नेले, कारण नको ते बोललो होतो ते त्यांच्यासमोरच.