रिकाम्या गादीचा खर्च

८ जून १२७० रोजी इटलीतल्या व्हितेर्बो शहरात अडकलेल्या कार्डिनलांनी तिथल्या अधिकाऱ्यांना एक पत्र लिहिले. ओस्तियाचे बिशप हेन्री आजारी आहेत, या निवडणुकीपुरता त्यांनी मताचा हक्क सोडला आहे, तरी त्यांना बाहेर जाऊ द्यावे, एवढीच विनंती. पत्रात स्थळ म्हणून छप्पर उतरवलेल्या वाड्याचा उल्लेख आहे. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती जगाचा सर्वोच्च धर्मगुरू निवडणारी ही मंडळी गावच्या कारभाऱ्यांकडे एका आजाऱ्यासाठी परवानगी मागत होती, आणि डोक्यावर आभाळ होते.

पोप चौथे क्लेमेंट २९ नोव्हेंबर १२६८ ला व्हितेर्बोतच वारले. नवा पोप ठरला १ सप्टेंबर १२७१ ला. पावणेतीन वर्षे हे भिजत घोंगडे पडून होते. गावकऱ्यांनी आधी समजावले, मग कार्डिनलांना वाड्यात कोंडले, अन्न तोडले आणि शेवटी छपरालाच हात घातला. जॉन ऑफ टोलेडो या इंग्रज कार्डिनलाची एक कोटी प्रसिद्ध आहे: छप्पर निघाले ते बरेच झाले, एरवी पवित्र आत्मा आत येणार कुठून? ती खरोखर त्याचीच असेल किंवा नसेल, पण कोंडलेल्यांपैकी कुणाची तरी विनोदबुद्धी शाबूत होती असे मानायला मला आवडते.

ही गोष्ट सहसा हट्टी म्हाताऱ्यांची गंमत म्हणून सांगितली जाते. तेवढ्यावर ती सोडू नये. कार्डिनल आळशी नव्हते की मूर्ख नव्हते. नियमाने त्यांच्या हाती जे दिले होते, ते ते वापरत होते.

तो नियम कशातून आला? १०५९ मध्ये दुसऱ्या निकोलसने पोपच्या निवडीत पुढाकार कार्डिनल-बिशपांकडे दिला. रोमचे सरदार आणि जर्मन सम्राट यांचा हात त्यातून सोडवणे हा हेतू. पण दुफळी पडली तर काय, हे त्यात नव्हते. सप्टेंबर ११५९ मध्ये त्याचा तमाशा झाला. बहुतेकांनी सिएनाच्या रोलांदोला, म्हणजे तिसऱ्या अलेक्झांडरला निवडले. पोपपदाचा लाल झगा त्याच्या खांद्यावर चढतो न चढतो तोच प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियनने तो ओढून काढला. तिथल्या एका सरदाराने झगा त्याच्याकडूनही हिसकावला, तर ऑक्टेव्हियनच्या माणसाने दुसरा तयारच ठेवलेला! घाईत तो उलटा अंगावर चढला आणि लोक हसले. हा वृत्तांत अलेक्झांडरच्या गोटातला आहे, तेव्हा थोडा मीठमसाला धरून चालावे. पण उलट्या झग्यातला हा पोप, चौथा व्हिक्टर, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाला चालला, आणि भांडण ११७७ पर्यंत लांबले. त्यातून शहाणा होऊन अलेक्झांडरने ११७९ च्या धर्मसभेत नियम केला: दोन-तृतीयांश मते मिळाली तरच पोप.

उपाय रामबाण होता. दोन पोपांचे दुखणे पुढची दोनशे वर्षे जवळजवळ थांबले. पण त्याच कलमाने एक-तृतीयांश लोकांना निवडणूक अडवण्याची ताकद दिली आणि अडवल्याबद्दल दंड काहीच ठेवला नाही. व्हितेर्बोत नेमके हेच झाले. क्लेमेंटच्या आधीचा पोपही फ्रेंच होता आणि त्याने फ्रेंच कार्डिनल भरले होते. फ्रान्सच्या राजाचा भाऊ शार्ल द आंजू याला नेपल्स-सिसिलीचे राज्य पोपच्याच आशीर्वादाने मिळाले होते, आणि ऑक्टोबर १२६८ मध्ये त्याने आपला तरुण प्रतिस्पर्धी कॉनराडिन याचे डोके उडवले होते. आता पोप शार्लला धार्जिणा हवा की त्याला लगाम घालणारा, हा प्रश्न होता. दोन्ही बाजूंना वाटे, थांबले तर आपलेच साधेल. शार्लला तर घाई मुळीच नव्हती; पोप नाही म्हणजे विचारणारे कोणी नाही.

झळ लागत होती ती इतरांना. मार्च १२७१ मध्ये फ्रान्सचा नवा राजा तिसरा फिलिप आणि शार्ल दोघेही कार्डिनलांना चुचकारायला व्हितेर्बोत उतरले होते. त्याच मुक्कामात, भर चर्चमध्ये, इंग्लंडच्या राजाचा पुतण्या हेन्री प्रार्थनेला आला असताना माँफोर्ट बंधूंनी त्याला ठार मारले. बापाच्या वधाचा तो सूड होता. दोन राजे आणि सारे कार्डिनल गावात, आणि देवाच्या दारात खून! कवी दांतेने त्या बंधूंपैकी गी याला पुढे नरकात उकळत्या रक्ताच्या नदीत उभे केले.

अखेर सहा जणांच्या समितीवर निर्णय सोपवला गेला. तिने निवडला तेओबाल्दो व्हिस्कोंती: कार्डिनल नव्हता, पाद्रीसुद्धा नव्हता, आणि त्या वेळी पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर धर्मयोद्ध्यांबरोबर होता. हा दहावा ग्रेगरी. त्या वाड्यात तो कधी बसलाच नव्हता, म्हणूनच त्याला खरी मेख दिसली असावी. १२७४ च्या लिऑन धर्मसभेत त्याने कार्डिनलांचा विरोध मोडून कायदा केला. पोप वारल्यावर गैरहजर सहकाऱ्यांची दहा दिवस वाट पाहायची, मग सगळ्यांनी एका दालनात बंद व्हायचे. तीन दिवसांत निकाल नाही तर दोन्ही वेळच्या जेवणात एकेकच पदार्थ. आणखी पाच दिवसांनी फक्त भाकरी, पाणी आणि वाइन. निवड होईपर्यंत पोपच्या खजिन्यातून कुणालाही छदाम नाही. आणि कुलपावर लक्ष ठेवायचे काम दिले त्या त्या गावच्या कारभाऱ्यांना. व्हितेर्बोकरांची दांडगाई कायद्यात शिरली. उशीर करायचा तर करा, पण स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन करा.

ग्रेगरी जानेवारी १२७६ मध्ये वारला आणि पुढचा पोप पहिल्याच दिवशी ठरला. तो पाच महिन्यांत गेला. जुलैच्या निवडणुकीत कुलपाची किल्ली शार्ल द आंजूच्या हाती होती, आणि तो फ्रेंच कार्डिनलांना सांभाळून इटालियनांना छळतो अशी ओरड झाली. कुलूप बाहेरून लावायचे, तर बाहेर कोण उभा आहे याला महत्त्व येणारच. ग्रेगरीच्या कायद्यातले हे भोक खरेच. त्या कोंडीतून निवडून आलेल्या पाचव्या एड्रियनने लगेच कायदा स्थगित केला. त्याची कारकीर्द जेमतेम पाच आठवड्यांची, पण तेवढ्यात हे उरकले! कार्डिनलांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

पुढचा हिशेब बोलका आहे. १२७७ मध्ये गादी सहा महिने रिकामी. १२८० मध्ये पुन्हा सहा, आणि त्यात व्हितेर्बोच्या जमावाने घुसून ओर्सिनी घराण्याच्या कार्डिनलांना पकडून नेले. १२८७ मध्ये जवळजवळ अकरा महिने. रोमच्या हिवतापात अर्धा डझन कार्डिनल दगावले. १२९२ नंतर तर सत्तावीस महिने, कारण ओर्सिनी आणि कोलोन्ना या घराण्यांचे जमेना. शेवटी डोंगरातला एक ऐंशीच्या घरातला विरक्त, पिएत्रो दा मोरोने, पोप करण्यात आला. पाचवा सेलेस्टीन गाढवावरून मिरवत आला, नेपल्सच्या राजाच्या मुठीत राहिला आणि १३ डिसेंबर १२९४ ला राजीनामा देऊन मोकळा झाला. बहुतेक इतिहासकार त्याला भोळा ठरवतात. पण या भोळ्याने त्या चार-पाच महिन्यांत ग्रेगरीचा कायदा पुन्हा लागू केला. त्याच्यानंतर आठव्या बोनिफेसची निवड नाताळच्या आदल्या दिवशी आटोपली, आणि बोनिफेसने १२९८ मध्ये कायदा धर्मसंहितेत कायमचा घातला. शहाण्या, मुरलेल्या कार्डिनलांना अठरा वर्षे जे करवले नाही, ते गादीची हाव नसलेल्याने केले.

म्हणून कुलपाने सगळे सुधारले असे मात्र नाही. १३०४-०५ मध्ये पेरूजात अकरा महिने गेले आणि निघाले काय, तर फ्रेंच राजाच्या दबावाखाली वावरणारा पाचवा क्लेमेंट. त्याच्यापासून पोप रोमला पारखे झाले. उपाशी ठेवून निर्णय लवकर घेता येतो, चांगला घेता येतोच असे नाही.

तरी ग्रेगरीचे गणित आजही सुटलेले नाही. १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी कार्डिनलांच्या मुक्कामासाठी नवे, सोयीचे निवासस्थान दिले आणि त्याच वर्षीच्या नियमांत तीसहून अधिक फेऱ्यांनंतर साध्या बहुमताचीही वाट मोकळी केली. म्हणजे थोडक्या बहुमताच्या गटाने मऊ गादीवर झोपून नुसते दिवस काढले तरी काम फत्ते! २००७ मध्ये सोळाव्या बेनेडिक्ट यांनी ही वाट बंद केली. आता कोंडी झाली तर आघाडीच्या दोघांतच मतदान होते, त्या दोघांना स्वतःला मत नसते आणि दोन-तृतीयांश मात्र लागतातच. मे २०२५ मध्ये १३३ कार्डिनल याच नियमाखाली बसले, गोवा-दमणचे आर्चबिशप फिलिप नेरी फेरांव त्यांच्यात होते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल लागला. त्यामुळे ते कलम अजून एकदाही वापरावे लागलेले नाही.