सावित्रीच्या कालवांची कैफियत
दिवाळीच्या फराळाशेजारी कालवांची गोष्ट कशाला, असे आपण म्हणाल. पण आम्ही महाडची माणसे. कोळणीच्या पाटीवरच वाढलो. सावित्री पोलादपूर-महाडवरून बाणकोटला समुद्रास मिळते. वाटेत औषधांचे कारखाने. सांडपाणी शुद्ध करूनच सोडतात म्हणे! अहो, औषधाचा अंश नेहमीच्या शुद्धीकरणाने पुरता जात नाही, आणि कालव तर पाणी गाळूनच पोट भरते. २०२० साली केंद्र सरकारच्या मसुद्यात औषधी सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा होत्या; २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या वगळल्या. म्हणजे गाळायचे काम कालवांनीच करायचे! १९२७ साली जिथे चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला, त्या गावाने नदीत कोणते औषध किती, हेही विचारू नये? त्या मर्यादा परत आणा, आणि आकडा दरमहा बाजारपेठेत फळ्यावर लिहा.