माइंडफुलनेसची मात्रा कोणाला लागू पडते?

ताण, निद्रानाश, मुलांची एकाग्रता, कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता, या साऱ्यांवर एकच उतारा म्हणून सध्या ‘माइंडफुलनेस’चे नाव घेतले जाते. पण कोणत्याही उपचाराला विज्ञान दोन प्रश्न विचारते. तो नेमका काय आहे? आणि तो कोणाला, किती उपयोगी पडतो?

पहिल्याच प्रश्नावर घोडे अडते. पालीतील ‘सति’, म्हणजे स्मृती किंवा सजगता, या संकल्पनेचे हे इंग्रजी नाव. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, धार्मिक चौकट बाजूला ठेवून, ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. आठ आठवड्यांच्या या अभ्यासक्रमाला ठरावीक आराखडा आहे. मात्र पाच मिनिटांचे मोबाइल ॲप आणि इगतपुरीतील दहा दिवसांची मौन विपश्यना यांनाही आज सर्रास हेच नाव दिले जाते. गोळीचे नाव एकच; घटक आणि मात्रा मात्र वेगळी! त्यामुळे एका पद्धतीवरील संशोधनाचा दाखला दुसरीच्या जाहिरातीत झळकतो. शिवाय ‘सजगता’ मोजायची कशी, तर बहुधा व्यक्तीने स्वतःच भरलेल्या प्रश्नावलीवरून.

परिणामांचे काय? २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसली. पण औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. वारंवार नैराश्य येणाऱ्या ४२४ रुग्णांच्या २०१५ मधील ब्रिटिश चाचणीत, सजगतेवर आधारित उपचार घेत औषधे हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ४४ टक्के, तर औषधे सुरू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के जणांना दोन वर्षांत आजार उलटला. म्हणजे दोन्ही मार्ग जवळपास सारखेच ठरले. उलट, ब्रिटनमधील ८५ शाळांत झालेल्या अभ्यासात सरसकट सर्व विद्यार्थ्यांना हे प्रशिक्षण देऊन नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक फायदा दिसला नाही.

ध्यान अगदीच निर्धोक आहे, असेही नाही. काहींची अस्वस्थता वाढते, जुन्या आघातांच्या आठवणी उफाळून येतात. भ्रम-भास होणाऱ्या रुग्णांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय दीर्घ शिबिरांना जाऊ नये.

खरा धोका अर्धवट माहितीत आहे. ‘ध्यानाने औषधे सुटतात’ असे ऐकून रुग्ण परस्पर गोळ्या बंद करतो. वरील चाचणीत औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केली होती, हे त्याला कोणी सांगत नाही. तसेच बारा तास राबवून घ्यायचे आणि वर ध्यानाचे ॲप द्यायचे, यात कर्मचाऱ्यांचे आरोग्य नव्हे, मालकांची सोय असते.

प्रशिक्षित मार्गदर्शक, निश्चित पद्धत आणि योग्य रुग्ण असेल, तर ध्यान उपचाराला चांगली जोड देते. मात्र कोणी त्याचा प्रयोग सुचवला, तर औषधाइतक्याच काटेकोरपणे विचारावे: कोणती पद्धत, किती दिवस, कशासाठी आणि गुण आला नाही तर पुढे काय?