मुखपट्टी आणि पावतीपुस्तक

महाराष्ट्रातील मुखपट्टीची सक्ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला उठली. तिच्याविषयीचा वाद मात्र अद्याप शमलेला नाही. आपल्यातीलही काही मित्र या सक्तीला व्यक्तिस्वातंत्र्यावरील घाला मानतात. आम्हांस हे मत मान्य नाही. करोनाचा विषाणू लक्षणे दिसण्यापूर्वीच श्वासावाटे पसरू लागतो. अशा वेळी तोंडावरील पट्टी स्वतःइतकीच शेजाऱ्यासाठी असते. समाजवाद्याने तिला विरोध करावा, हे नवलच!

आक्षेप घ्यावयाचा तो सक्ती राबविण्याच्या रीतीवर. मुंबई महापालिकेने ८ एप्रिल २०२० रोजी मुखपट्टी बंधनकारक केली, ती १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे. म्हणजे मुंबईच्या प्लेगच्या काळात परकीय सरकारने केलेल्या कायद्याने. दंडवसुलीसाठी कंत्राटी मार्शल रस्तोरस्ती उभे राहिले आणि त्या रकमेत कंत्राटदाराचाही वाटा ठरला. २०० रुपयांची पावती मोटारवाल्याला काय बोचणार? नाक्यावरील मजुराची मात्र तेवढ्याने संध्याकाळची चूल विझते.

मार्च २०२० मध्ये केंद्राने मुखपट्टीला जीवनावश्यक वस्तू ठरविले होते. साथ चढत असतानाच, १ जुलैपासून, तिला त्या यादीतून वगळण्यात आले. राज्य शासनाने तिच्या किमतीवर मर्यादा घातली ती थेट ऑक्टोबरात. मधल्या महिन्यांत सक्ती गरिबावर होती, व्यापाऱ्यावर नव्हती.

पुढील साथीत मुखपट्ट्या शिधापत्रिकेवर मोफत मिळाव्यात आणि त्या घरोघर पोहोचेपर्यंत कोणाचीही पावती फाडू नये, ही मागणी आपल्या शाखांनी आताच लावून धरावी.