साधी गाठ, अवघड जागा

रत्नागिरीहून काळबादेवीच्या वाटेने गणपतीपुळ्याकडे निघाले, की आरे-वारेच्या चढावर गाडी थांबतेच. दोन्हीकडे पुळण, काठाला सुरूचे बन. वहिनींचे माहेर त्याच पट्ट्यातले. तीन वर्षांपूर्वी त्या चढावर उभ्या असताना त्यांनी हाताने एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि म्हणाल्या, "भावजी, त्या होडीवरचे निशाण उजव्या डोळ्याने लाल दिसते नि डाव्याने विटकरी. असे का हो?"

चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता. मोतीबिंदू असेल, अशी आम्ही सर्वांनी समजूत करून घेतली होती. शेवटी एमआरआय झाला. डाव्या डोळ्याच्या नसेभोवतीच्या आवरणावर मेनिंजिओमाची गाठ निघाली. "साधी आहे, कॅन्सरची नाही," डॉक्टर म्हणाले. पेढे वाटायचेच बाकी होते. पण "किरणोपचार करावे लागतील" हे पुढचे वाक्य ऐकले आणि सर्वांचे चेहरे उतरले. आपल्याकडे लाइट घेणे म्हणजे कॅन्सर, हे समीकरण पक्के. साधी आहे ना? मग लाइट कशाला? या वादात आम्ही चार महिने घालवले.

उत्तर गाठीच्या जातीत नव्हते, जागेत होते. डोळ्याच्या नसेत सुमारे दहा लाख तंतू असतात. ही गाठ हाताला बाही असावी तशी तिला वेढते. कापून काढावी, तर नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्याच आवरणातून येतात. गाठ जाते आणि बहुधा तिच्याबरोबर नजरही जाते. म्हणूनच अशा गाठींत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सुरी मागे सरली आणि किरण पुढे आले.

पण किरण नसेलाही इजा करतातच. इथे मला माझी बँकेतली नोकरी आठवली. थकलेले कर्ज एकरकमी वसूल करायला गेले, की कर्जदार बुडतो. हप्ते बांधून दिले, तर कर्ज फिटते आणि माणूसही तगतो. इथेही तसेच. एकूण मात्रा ५० ते ५४ ग्रे, रोजचा हप्ता साधारण १.८ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, असे २८ ते ३० हप्ते. मधल्या वेळात निरोगी पेशी आपली डागडुजी करून घेतात. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली किरणांनी शस्त्रक्रिया करण्याची कल्पना मांडली. एकाच बैठकीत किरण एकवटण्याची ती पद्धत मेंदूतल्या अनेक गाठींना लागू पडली. मात्र गाठ नसेला बिलगलेली असेल, तर हप्तेच बरे.

हा उपाय सरसकट नाही, हेही सांगितले पाहिजे. नजर चांगली असेल, तर डॉक्टर नुसते लक्ष ठेवतात. लहान मुलांच्या नसेतल्या ग्लायोमाला शक्यतो आधी औषधे देतात, कारण वाढत्या मेंदूला किरण बाधतात. मोठ्यांतही काही वर्षांनी डोळ्याच्या पडद्याला किंवा पिट्युटरी ग्रंथीला इजा झालेली आढळू शकते. तपासण्या चुकवून चालत नाही.

ही योजना मुद्दल वाचवण्याची आहे. बहुतेकांची नजर टिकते, काहींची सुधारते. पण नस वाळली, तर गेलेले परत येत नाही. आमचे ते चार महिने कोणत्या खात्यात मांडायचे?

आणखी एक. रोजच्या काही मिनिटांच्या लाइटसाठी वहिनींना सहा आठवडे मुंबईत राहावे लागले. आमचे नातेवाईक होते, म्हणून निभावले. परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा संस्था बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देतात, पण त्या किती जणांना पुरणार? आपण यंत्रांच्या किमतीची चर्चा करतो. हप्ते मध्येच तुटतात ते मात्र खोलीभाडे आणि बुडालेला रोज यांपायी. उपचाराच्या खर्चात ही भाकरीही धरली पाहिजे.

वहिनींची नजर होती तेवढी टिकली आहे. गेल्या महिन्यात पुन्हा त्या चढावर थांबलो. डोळा झाकून त्या म्हणाल्या, "विटकरी तर विटकरी, भावजी. निशाण दिसते आहे ना!"

आज रविवार. भिंतीवरच्या कॅलेंडरात आजचा आकडा लाल असेल. एक डोळा झाकून तो पाहा, मग दुसरा. लाल रंगात फरक वाटला, तर नुसता चष्मा बदलून स्वस्थ बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि आमच्यासारखे चार महिने घालवू नका.