नव्याचे नऊ दिवस

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. नारळ कानाशी हलवतो. तांदूळ तळहातावर घेऊन कणी किती, खडे किती ते पाहतो आणि साडीची घडी तर दुकानदाराच्या कपाळावर आठी पडेपर्यंत उलगडायला लावतो. मग मला सांगा मैत्रिणींनो, पन्नास हजारांची वस्तू घरात येते तेव्हा ही सगळी अक्कल जाते कुठे? पदराला हात पुसत आपण दाराशी उभ्या राहतो आणि "त्यातलं आपल्याला काय कळतंय!" म्हणून बाजूला होतो. निदान मी तरी झाले. त्याचीच ही गोष्ट.

गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे कॉम्प्युटर आला. मांडीवर घेण्याचा नव्हे, टेबलावर ठेवायचा. मोठी अकरावीला आहे, आणि मी शाळेत अर्धवेळ शिकवते तिथल्या प्रश्नपत्रिका नि गुणांचे तक्ते मोबाईलच्या एवढ्याशा काचेवर करून करून डोळे चुरचुरायला लागले होते. पोस्टात महिना पाचशे रुपयांचं आवर्ती खातं मी पाच वर्षं भरलं होतं. त्याचे व्याजासकट पस्तीस हजारांच्या आसपास आले. उरलेले 'ह्यांनी' घातले. पैशांचा उल्लेख मुद्दाम करते आहे. पाच वर्षं दर महिन्याला कशाकशातून काढून ते पाचशे बाजूला पडले, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी दुकानाचा मुलगा टेम्पोतून खोकी घेऊन आला. अर्ध्या तासात त्याने वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि पडद्यावर निळ्या तळ्याचं इतकं सुरेख चित्र उमटलं की धाकट्याने टाळ्याच वाजवल्या. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. (हवा जायच्या जाळीवर नव्हे हं, वरच्या पत्र्यावर! कुंकवाची पूड आत गेलेली बरी नव्हे.) मी पेढे आणायच्या गडबडीत होते. मुलगा म्हणाला, "काकू, इथे सही करा." मी केली. कागदावर लिहिलेलं होतं, "माल तपासून, चालू स्थितीत मिळाला." काय तपासलं होतं मी? तळ्याचं चित्र!

तिसऱ्या रात्री सहामाहीची प्रश्नपत्रिका करायला बसले. तीनचार गोष्टी एकदम उघडल्या तर यंत्र अडखळायला लागलं. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं होतं, 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' आणि त्यात सगळ्यात खाली 'अबाउट' उघडलं की यंत्राची कुंडली दिसते. उघडलं. 'रॅम' म्हणजे कामाची स्मृती, तिच्यापुढे आकडा होता 8. बिल काढून पाहिलं. बिलात स्पष्ट 16!

रॅम म्हणजे काय, हे मी माझ्यापुरतं असं समजून घेतलंय : ती स्वयंपाकघरातला ओटा. ओटा जितका लांब, तितकी भांडी एका वेळी मांडता येतात. आणि 'डिस्क' म्हणजे कोठीची खोली, जिथे सामान कायमचं राहतं. मी पैसे मोजले होते आठ हात ओट्याचे आणि मिळाला होता चार हात.

"अगं, चालतोय ना? मग झालं," हे म्हणाले. "उगीच दुकानात जाऊन वाद कशाला? ते आपल्या ओळखीचे आहेत."

"अहो, ओळखीचे आहेत म्हणूनच जाते," मी म्हटलं. पण खरं सांगू? रात्रभर झोप लागली नाही. सही तर मी करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट दुकान गाठलं. दुकानदार गोड बोलले. "वहिनी, तुमच्या कामाला आठ भरपूर झाले हो." माझा पारा चढला. म्हटलं, "किलोभर डाळीचे पैसे घेऊन अर्धा किलो द्यायची आणि वर 'तुम्हाला पुरेल' म्हणायचं? ह्याला फसवणूक म्हणतात!" दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळे वळून बघायला लागले.

पुढच्या सकाळी त्यांचा कारागीर घरी आला. त्याने बाजूचा पत्रा उघडला, आत बोट दाखवलं आणि म्हणाला, "हे बघा काकू." फूटपट्टीच्या तुकड्यासारख्या दोन हिरव्या पट्ट्या शेजारी शेजारी होत्या. एक घट्ट बसलेली, दुसरी खाचेत अर्धवट तिरकी. त्याने अंगठ्याने दाबली, 'टक्' आवाज झाला. सुरू केल्यावर आकडा 16!

मैत्रिणींनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माल पूर्ण होता, पट्टी नीट बसली नव्हती एवढंच. मी दुकानात फोन करून "बोलण्यात जरा जास्त झालं" असं सांगितलं. तेही म्हणाले, "वहिनी, टेम्पोत हादरे बसून निसटली असेल, पण घरी जोडल्यावर आमच्या मुलाने आकडा बघायला हवा होता." दोघांचंही चुकलं होतं. माझी चूक दोन वेळा झाली : आधी न बघता सही केली आणि नंतर न बघताच आरोप केला. बिलातला आकडा त्या मुलाला पहिल्याच संध्याकाळी दाखवला असता, तर दोन मिनिटांचं काम होतं.

तेव्हापासून मी ह्या विषयात जरा लक्ष घातलं. कारखान्यात तपासणी होते, नाही असं नाही. काही ठिकाणी यंत्रं तासन् तास मुद्दाम तापवून चालवून बघतात. पण दुकानात सुटे भाग जोडून दिलेलं यंत्र तितका वेळ कोणी चालवून पाहिलेलं असेलच असं नाही. आणि कारखान्यात पास झालेलं यंत्रही पुढे गोदामं, ट्रक, टेम्पो करत आपल्या दारी येतं. इंजिनिअर लोक यंत्रांच्या बिघाडाची एक रेघ काढतात, ती आंघोळीच्या टबासारखी दिसते : सुरुवातीला उंच, मग बराच काळ खाली सपाट, आणि शेवटी झीज होऊन पुन्हा उंच. म्हणजे जोडणीत नि भागांत राहिलेले दोष बरेचदा पहिल्या दिवसांतच डोकं वर काढतात. नवा बिडाचा तवा आपण आधी तेल लावून तापवून घेतो, नवा कुकर आधी नुसत्या पाण्यावर लावून शिटी बघतो, तसंच हे. म्हणून म्हणते, नव्याचे नऊ दिवस कौतुकाचे असतातच, ते तपासणीचेही असू द्या.

पहिल्या दिवशी खोकं फोडण्याआधी त्याची चिकटपट्टी शाबूत आहे ना ते बघा. खोक्यावरचा अनुक्रमांक, यंत्रावरचा आणि बिलावरचा एकच हवा. खोकं उघडताना मुलांना मोबाईलवर चित्रण करायला सांगा. काही फुटलेलं निघालं तर तोच पुरावा. मॉनिटर, की-बोर्ड ह्यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसतो का पाहा. 'बीआयएस केअर' ह्या मोबाईलमधल्या सोयीवर तो क्रमांक घालून खरा-खोटा कळतो.

प्लग तीन पिनांचाच वापरा, आणि ज्या भिंतीला लावणार तिथे अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्या. पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या तर दुर्लक्ष करू नका. लगेच बंद करून वायरमनला बोलवा. आमच्यासारखी तुमच्याकडेही वीज येत-जात असेल तर लहानसा यूपीएस घ्या. तो तासन् तास चालवण्यासाठी नसतो. लिहिलेलं जपून ठेवून यंत्र नीट बंद करायला दहाएक मिनिटं मिळाली की त्याचं काम झालं.

मग कुंडली बघा, जोडणारा मुलगा घरात असतानाच. प्रोसेसरचं नाव, रॅम, डिस्क, तिन्ही बिलाशी ताडून बघा. इथे एक गंमत सांगते, म्हणजे माझ्यासारख्या भांडायला धावू नका. डिस्क 512 जीबीची घेतली तरी यंत्र 476 च्या आसपास दाखवतं. ह्यात लबाडी नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या पटीत. माप वेगळं, माल तेवढाच. पण रॅममध्ये 16 च्या जागी 8 दिसले तर मात्र विचारायलाच हवं.

विंडोज असेल तर 'ॲक्टिव्हेशन' उघडून 'ॲक्टिव्ह' लिहिलंय ना पाहा. नसेल तर ते परवान्याचं आहे की नाही, हे तिथल्या तिथे विचारा. विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा नव्या यंत्रात 11 च हवं.

पुढचे दिवस कान, नाक, डोळे उघडे ठेवा. मागच्या-पुढच्या प्रत्येक खाचेत एकदा पेन ड्राइव्ह लावून बघा. पुढच्या खाचांची आतली वायर जोडायची राहून जाते. की-बोर्डवरचं प्रत्येक बटण दाबा. मराठी लिहायचं असेल तर 'ळ' आणि 'ज्ञ' उमटतात ना ते बघा. पंख्याचा घूं-घूं आवाज चालेल, खरखर नको. नव्याचा वास चालेल, जळका नको. आणि एक-दोन दिवस सलग चार-पाच तास यंत्र चालवा.

राहता राहिला पडदा. त्याची हळहळ मला अजून आहे. आमच्या पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे एकूण 20 लाख 73 हजार 600 ठिपके आहेत. त्यातला एखादा मेलेला असू शकतो. पडदाभर पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, लाल, हिरवं, निळं अशी पाच चित्रं लावली की तो चटकन दिसतो. हे मला कळलं बाराव्या दिवशी, धाकट्याने पांढऱ्या पानावर बोट ठेवून "आई, इथे मुंगी आहे" म्हटलं तेव्हा. बदलून द्यायची मुदत सात दिवसांची, बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलेली. एकदोन ठिपक्यांसाठी कंपन्या सहसा पडदा बदलून देत नाहीत, ठरावीक संख्येच्या वर असतील तरच देतात. पहिल्या आठवड्यात दाखवला असता तर दुकानदाराने बदलला असता, असं ते स्वतःच म्हणाले. आता ती मुंगी आमच्या घरची झाली आहे.

तेव्हा बिलाच्या मागची अक्षरं आधी वाचा. बिल गुळगुळीत कागदाचं असेल तर त्यावरची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्याची झेरॉक्स काढून ठेवा. पक्कं बिल मागायला लाजू नका. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्याप्रमाणे बिल न देणं ही अनुचित प्रथा आहे. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचितच प्रथा. आधी दुकानदाराशी नीट बोला, मग लेखी द्या. तरी नाही ऐकलं तर 1915 ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ती दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही.

परवा शेजारच्या वहिनींकडे मुलासाठी कॉम्प्युटर आला, तर त्यांनी मला हाक मारली. बिल हातात घेऊन मी आकडे वाचत होते आणि त्या ताडून बघत होत्या. जोडणारा मुलगा जरा चुळबुळत होता. तर आमच्या सासूबाई, बरोबर आल्या होत्या, खुर्चीतून म्हणाल्या, "थांब रे बाबा. मला बघायला आले होते तेव्हा चालून दाखव, वाचून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव म्हणाले होते. ह्या यंत्राला दोन प्रश्न विचारले तर काय बिघडलं?"

तो मुलगाही हसला, आणि पाचही रंगांची चित्रं त्यानेच लावून दाखवली. मुंगी नव्हती.

तुमच्याकडे नवं यंत्र आलं तेव्हा काय अनुभव आला, जरूर कळवा. आणि पेढे द्या, पण सही आधी करू नका.